नऊ जणांतला एक: न्यू जर्सीच्या स्कूल बोर्डाविषयीचे काही गैरसमज

सप्टेंबर आला की न्यू जर्सीतल्या एडिसन, साउथ ब्रन्सविक या भागांतल्या घरांसमोरच्या हिरवळीवर पाट्या उगवतात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही एखादा उमेदवार हात जोडून भेटतो. त्यात तीन वर्षांपूर्वीचा चेहरा पुन्हा दिसला की रांगेतून प्रश्न येतो, ‘काय हो, तीन वर्षांत काय केलंत?’ प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात जे उत्तर अपेक्षित असतं, ते बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीवर उभं असतं.

आधी हे बोर्ड म्हणजे काय ते थोडक्यात. ते परीक्षा घेत नाही आणि गुणपत्रिकाही देत नाही. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. त्या बहुतेकांचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडलेलं बोर्ड पाहतं. राज्य बदललं की नियम बदलतात, म्हणून इथे मुख्यतः न्यू जर्सीपुरतं बोलू. भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण समितीला कर लावता येत नाही. इथलं बोर्ड मात्र बजेट ठरवतं, आणि आपल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला सुमारे निम्मा पैसा शाळांकडे जातो. एवढा पैसा ज्यांच्या हाती असतो, त्या माणसांची नावं आपल्यापैकी बऱ्याच जणांना सांगता येत नाहीत.

‘आपला माणूस बोर्डावर आहे, काम होऊन जाईल.’

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. सदस्य निवडून आला की फोन सुरू होतात. मुलाला गणिताच्या वरच्या वर्गात घालायचंय, बसचा थांबा कोपऱ्यावर हवाय, अमुक शिक्षिका नकोत. सदस्याने काय करायचं असतं? आधी शिक्षकांशी बोला, मग प्रिन्सिपॉलशी, मग डिस्ट्रिक्टचा रोजचा कारभार चालवणाऱ्या सुपरिंटेंडंटच्या ऑफिसात जा, एवढंच सांगायचं असतं. हा त्याचा शिष्टपणा नव्हे. न्यू जर्सीत बोर्डाच्या सदस्यांसाठी २००१पासून कायद्यातच आचारसंहिता आहे. तिचा गाभा असा की अधिकार बोर्डाचा, सदस्याचा नव्हे. त्याने कुणाला वैयक्तिक आश्वासन द्यायचं नाही, आणि शाळा चालवायची नाही, ती नीट चालते आहे ना एवढं पाहायचं. सभा संपून तो पार्किंग लॉटमध्ये आला की त्याचे अधिकार तुमच्या-माझ्याइतकेच. नियम मोडला तर स्कूल एथिक्स कमिशनकडे तक्रार जाते, आणि शिक्षा समज देण्यापासून पदावरून काढण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

शिक्षकांच्या नेमणुकांचंही तसंच. नाव सुचवायचं सुपरिंटेंडंटने, मत द्यायचं बोर्डाने. बोर्ड ते नाव नाकारू शकतं, पण त्या जागी आपल्या पसंतीचं नाव घुसवू शकत नाही. त्यामुळे ‘मी निवडून आलो तर अमक्याला घरी पाठवतो’ असं सांगणाऱ्या उमेदवाराला कायदा माहीत नसतो, किंवा तुम्हाला तो माहीत नाही असं त्याने धरलेलं असतं. नवख्याचं एक वेळ समजून घेता येईल. तीन वर्षं बोर्डावर बसून पुन्हा मत मागणारा असं बोलत असेल, तर त्याला मत न देण्याचं ते पुरेसं कारण आहे, असं माझं मत.

मग तीन वर्षांच्या मुदतीचा हिशेब मागायचा कसा? सभेचं इतिवृत्त बघायचं. महत्त्वाच्या ठरावांवर एकेकाचं नाव पुकारून मत घेतात, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, कोण अलिप्त राहिलं हे सगळं लिहिलेलं असतं. बजेट, सुपरिंटेंडंटचा करार, शिक्षक संघटनेशी झालेला पगाराचा करार आणि शाळेचं वार्षिक कॅलेंडर, या चार जागी सदस्याने काय मत दिलं ते पाहिलं की पत्रकावरचा मजकूर वाचायची फारशी गरज उरत नाही.

कॅलेंडरवरून दिवाळी आठवली. सुट्टी मिळाली की ‘मी मिळवून दिली’ म्हणणारे तीन-चार जण तरी पुढे येतात. प्रत्यक्षात नऊ जणांच्या बोर्डात सगळे हजर असले तर किमान पाच मतं पडल्याशिवाय एक दिवसही हलत नाही. शिवाय वर्षाला शाळेचे किमान १८० दिवस भरावे लागतात, म्हणजे नोव्हेंबरात दिलेली सुट्टी जूनमध्ये कुठेतरी भरून काढावी लागते. तेव्हा सुट्टी मागितली कुणी, यापेक्षा पाच जणांना राजी कुणी केलं, हे विचारलेलं बरं.

आणि हे राजी करणंही चारचौघांतच करायचं असतं. १९७५च्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार, बोर्डाच्या कामाची चर्चा करायला बहुमताइतके सदस्य जमले तर ती सभाच ठरते आणि तिची आगाऊ सूचना द्यावी लागते. नऊपैकी पाच जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजेटचा विषय काढला तरी ते अडचणीत येऊ शकतात. आपल्या ग्रुपांची सवय असलेल्या नव्या सदस्याला हे पचायला वेळ लागतो.

‘बोर्डवाले वाटेल तेवढा टॅक्स वाढवतात.’

तसं नाही. २०१०च्या कायद्याने करातून उभ्या करायच्या रकमेची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली आहे. आरोग्य विम्याचा खर्च भडकला तर थोडी मोकळीक, अशा काही सवलती आहेत, पण त्यापलीकडे जायचं तर मतदारांना विचारावं लागतं. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. ‘एक पैसाही वाढू देणार नाही’ हे ऐकायला गोड लागतं. पण बजेटचा मोठा वाटा पगार आणि विम्यातच जातो. म्हणून त्या उमेदवाराला पुढचा प्रश्न विचारा, ‘मग कमी काय करणार?’ वाद्यवृंद, वाचन सुधारणारे जादा शिक्षक, की बस?

‘काहीतरी मिळत असणारच, नाहीतर पुन्हा कोण उभं राहील?’

न्यू जर्सीत काहीही मिळत नाही. पद बिनपगारी आहे, कायद्यानेच. सगळीकडे असं नाही हेही खरं. लॉस एंजेलिसच्या बोर्डावर दुसरी नोकरी न करणाऱ्या सदस्याचा पगार २०१७ साली वर्षाला सव्वा लाख डॉलर करण्यात आला. इकडे मात्र बोर्ड सोडल्यावरही सहा महिने त्याच बोर्डाकडे पगारी नोकरी धरता येत नाही. दर वर्षी आपल्या आर्थिक संबंधांची आणि नातेवाइकांची माहिती लेखी द्यावी लागते.

नातेवाइकांचा मुद्दा आपल्या घरांना जास्त जाचतो. नवऱ्याने बोर्डावर जायचं ठरवलं आणि बायको त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षिका असेल, तर शिक्षकांच्या पगाराच्या वाटाघाटींत त्याला बसता येत नाही आणि सुपरिंटेंडंटचं मूल्यमापनही करता येत नाही. ती शेजारच्या गावात शिकवत असली, पण त्याच राज्यव्यापी संघटनेची सदस्य असली, तरी वाटाघाटींचं दार त्याला बंदच. म्हणजे निवडून आला तरी सगळ्यात मोठ्या खर्चाच्या वाटाघाटी होताना तो खोलीबाहेर असतो. उमेदवारी अर्ज भरताना हे फारसं कुणी सांगत नाही. मतदारानेही विचारून घ्यावं.

‘पक्षाचं तिकीट लागतं.’ लागत नाही. प्राथमिक फेरीही नसते. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत अर्ज द्यायचा, सोबत मतदारांच्या सह्या. नागरिकत्व, मतदार यादीत नाव आणि डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचं वास्तव्य हवं. नावाखाली जास्तीत जास्त तीन शब्दांचं ब्रीद छापता येतं, त्यात पक्षाचं नाव चालत नाही. पडद्यामागे पक्षांचे लोक हात लावतात, हे मात्र गावात राहणाऱ्याला सांगायला नको. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात तर एकच उमेदवार डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत उभा राहू शकतो. फ्लोरिडात मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आणायची दुरुस्ती २०२४च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आली. तिला निम्म्याहून जास्त मतं पडली, पण लागणारे साठ टक्के काही मिळाले नाहीत.

‘एकदा आत शिरलं की दुसऱ्यांदा सोपं.’

ओळख झालेली असते, एवढा फायदा नक्की. कुठे कुठे जागांइतकेच अर्ज येतात आणि लढतच होत नाही. पण मतपत्रिकेवर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, जुन्याला वरची जागा राखीव नसते. शाळेतर्फे मुलांच्या हाती प्रचाराचं पत्रक घरी पाठवायला कायद्याने बंदी आहे. निवडून आलाच तरी नव्या टर्मच्या पहिल्या वर्षी कायद्यातले बदल समजावणारं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, मग तो पाचव्यांदा का निवडून आलेला असेना. अध्यक्षपदही आपोआप मिळत नाही. जानेवारीच्या पहिल्या सभेत सदस्यच आपल्यातून एका वर्षासाठी अध्यक्ष निवडतात.

मतदानाच्या पद्धतीतही एक मेख आहे. नऊ जणांच्या बोर्डात साधारणपणे दर वर्षी तीन जागा निघतात आणि मतपत्रिकेवर ‘तीन निवडा’ असं असतं. म्हणून तीन नावांवर खुणा केल्याच पाहिजेत असं लोकांना वाटतं. सक्ती मुळीच नाही. एकालाच मत देऊन उरलेली दोन सोडता येतात. जाणते कार्यकर्ते घरच्यांना हेच सांगतात, कारण आपली दुसरी दोन मतं आपल्याच माणसाला मागे टाकू शकतात.

मुदत संपेपर्यंत खुर्ची पक्की असते, हेही खरं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत फेब्रुवारी २०२२मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. न्यू जर्सीतही परत बोलावता येतं, पण सदस्याचं एक वर्ष पूर्ण व्हावं लागतं आणि नोंदणीकृत मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांच्या सह्या लागतात. एवढ्या सह्या जमवण्यापेक्षा नोव्हेंबरची वाट पाहिलेली परवडते.

आपल्या नावाच्या माणसाला इथे कोण मत देणार, ही भीती मात्र निव्वळ गैरसमजात जमा करता येत नाही. २०१७ साली एडिसनमध्ये एका चिनी आणि एका भारतीय वंशाच्या उमेदवाराचे फोटो छापून, त्यांना हाकलून द्या अशा आशयाची निनावी पोस्टकार्डं घरोघरी गेली. दोघेही निवडून आले.

मुलं त्या शाळांत असलीच पाहिजेत, अशी अट नाही. निवृत्त आजोबाही उभे राहू शकतात. नागरिकत्वाच्या अटीत मात्र पळवाट नाही. ग्रीन कार्डावर वीस वर्षं टॅक्स भरला तरी न्यू जर्सीत या निवडणुकीत मत देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६च्या मतदानातून नागरिक नसलेल्या पालकांना बोर्डासाठी मत द्यायची मुभा दिली, आणि २०१८पासून ते मत देऊ लागले. न्यू जर्सीतल्याच नेवार्कने वयाची अट खाली आणली. तिथे २०२५च्या एप्रिलमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी बोर्डासाठी पहिल्यांदा मतदान केलं.

मत नाही म्हणजे तोंड बंद, असंही नाही. बोर्डाच्या प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि तिथे कुणी पासपोर्ट मागत नाही. बजेटवरची जाहीर सुनावणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला होते. नोव्हेंबरात हरलेला सदस्यही जानेवारीतल्या पहिल्या सभेपर्यंत पदावर असतो, म्हणजे डिसेंबरच्या ठरावांवर त्याचं मत पडतंच. त्या महिन्यात विषयपत्रिकेवर एखादा मोठा करार आला असेल, तर सभेला जाऊन बसायला हरकत नाही.