एक थेंब सलाईन

सकाळी 8.45
यवतमाळ जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. डिसेंबर, कापूस वेचणीचे दिवस. लॅबवाल्या ताई कुलूप काढतात. कंत्राटी नोकरी, महिन्याला 17 हजार. आधी सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायची. मग काचपट्ट्या, सलाईन, 10 टक्के केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) बाटली, पीएचच्या पट्ट्या, सगळं हाताशी.

9.30
ओपीडीत रांग लागली आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरला पैसे नाहीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. तरी आजचा दिवस फुकट नाही. वेचणीचे किलोमागे दहा रुपये मिळतात, चाळीस किलो वेचणारीचे चारशे बुडाले.

10.20
तिशीतली एक बाई आत येते. आधी कंबर दुखते म्हणते. मग थकवा. डॉक्टर मॅडम घाई करत नाहीत. मग खाली बघत, "धुपणी जाते, मॅडम. वास येते."
"कधीपासून?"
"दिवाळीच्या आधीपासून. साबणानं धुतो, तुरटीच्या पाण्यानं धुतो. जात नाही."
नवऱ्याजवळ निजणं तिनं सोडलं आहे. सासूला वाटतं, बाई अस्वच्छ.

10.40
पडद्याआड सिस्टर स्पेक्युलम घालतात. पातळ, राखाडी-पांढरा स्राव. पीएचच्या पट्टीचा रंग पाच-साडेपाचवर जातो. साडेचारच्या आत हवा होता. काचपट्टी लगेच ताईंकडे येते. वेळ घालवून चालत नाही. ट्रायकोमोनास असेल तर तो हलताना दिसतो, थंड पडला की ओळखू येत नाही.
एका टोकाला केओएचचा थेंब. मासळीसारखा वास क्षणात वर येतो. दुसऱ्या टोकाला सलाईनचा थेंब, वर कव्हरस्लिप. आधी दहाचं भिंग, मग चाळीसचं. हलणारं काही नाही. बुरशीचे अंकुरही नाहीत. पण पेशी बघा, कडा रव्यात घोळवल्यासारख्या, इतके जंतू चिकटलेले. या क्लू सेल. पाचात एकीपेक्षा जास्त पेशी अशा असल्या की ती खूण धरतात. ॲम्सेल यांनी 1983 मध्ये चार खुणा सांगितल्या, त्यातल्या तीन पुरतात. इथे चारही आहेत. पाच मिनिटंही लागली नाहीत.
ताई लिहितात: बॅक्टेरियल व्हजायनोसिस.

11.05
"ही घाण नाही," मॅडम बाईला सांगतात. "आत चांगले जंतू असतात, ते आंबटपणा राखतात. ते घटले की दुसरे माजतात. आतून धुतलं की चांगलेच आधी जातात. धुणं बंद करायचं."
मेट्रोनिडाझोल 400, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. चौदा गोळ्या, इथं फुकट. तोंडाला लोखंडासारखी चव येईल, पोटात मळमळेल, म्हणून जेवून घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडायच्या नाहीत.
बाई विचारते, "म्हणजे माह्यी चूक नाही?"
"नाही."

1.30
जेवणाची सुट्टी. जिथे सूक्ष्मदर्शक नाही, तिथे लक्षणांवरूनच हिरवं किट देतात: सेकनिडाझोल आणि फ्लुकोनाझोल, जंतू आणि बुरशी दोन्हींवर. तेही चांगलंच. पण बघून दिलेलं औषध जास्त पटतं. आणि बघणंच किती दुर्मीळ होतं: 1989 मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांचा अभ्यास मांडला. 650 जणींपैकी 92 टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची.

2.15
गरोदर बाई, पाचवा महिना. तीच खूण. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो, म्हणून त्रास होत असेल तर थांबायचं नाही. गोळ्या देतात, तारीख देतात.

3.00
तिसरी बाई, याच त्रासानं दुसऱ्यांदा आली आहे. चिडली आहे, आणि बरोबर चिडली आहे. वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना हे परत होतं. मॅडम नवऱ्याला बोलवायला सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या, 2025 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा तीन महिन्यांत परत होणं 63 टक्क्यांवरून 35 वर आलं.
"तो येईन का?" ती विचारते.
मॅडम त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून देतात.

4.45
ताई काचपट्ट्या ब्लीचच्या द्रावणात टाकतात. रजिस्टरमध्ये आजच्या तीन नोंदी होतात. पीएचच्या पट्ट्यांचं एकच बुक उरलं आहे. मागणीपत्रावर त्या पाच लिहितात, मग खोडून दहा करतात.