रुबिक क्यूब आणि ‘कोसेट’ची करामत

हंगेरीचे वास्तुविशारद एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये तयार केलेला रंगीत ठोकळा आज घरोघरी दिसतो. तो कितीही विस्कटला, तरी जास्तीत जास्त किती चालींत लावता येतो? (एखाद्या बाजूचा पाव किंवा अर्धा फेरा म्हणजे एक चाल.) साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर मिळायला २०१० साल उजाडावे लागले.

अडचण आकड्याची होती. क्यूबच्या शक्य मांडण्या ४३ वर १८ शून्ये, याहूनही थोड्या जास्त आहेत. सेकंदाला एक मांडणी तपासली, तर विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे शंभरपट काळ लागेल. संगणकालाही एकेक मांडणी सोडवणे परवडणारे नव्हते.

मदतीला आली ती गट सिद्धांतातील ‘कोसेट’ ही कल्पना. ती आपण रोज वापरतो. सोमवारपासून सात-सात दिवस पुढे किंवा मागे गेले, तरी सोमवारच येतो. सगळे दिवस अशा सात वारांत वाटले जातात. एकही दिवस सुटत नाही आणि दोन वारांत मोडत नाही. हे सात वार म्हणजे सात कोसेट.

क्यूबवरही हेच करता येते. वरची आणि खालची बाजू हवी तशी फिरवा, बाकीच्या चार बाजूंना मात्र फक्त अर्धा फेरा द्या. लागलेल्या क्यूबपासून सुरुवात केली, तर एवढ्याच चालींनी १९,५०,८४,२८,८०० मांडण्या मिळतात. हा झाला उपगट. विस्कटलेल्या कोणत्याही क्यूबवर याच चाली केल्या, तरी नेमक्या तेवढ्याच मांडण्यांचे कुटुंब तयार होते. हे कोसेट. प्रत्येक चाल उलटी करता येते. त्यामुळे दोन कुटुंबांत एक जरी मांडणी समान निघाली, तरी ती कुटुंबे मुळात एकच ठरतात.

अशा रीतीने सगळ्या मांडण्या २,२१,७०,९३,१२० कुटुंबांत विभागल्या गेल्या. ठोकळा कुशीवर ठेवला किंवा आरशात पाहिला, तरी कोडे तेच राहते. याचा फायदा घेतल्यावर ५,५८,८२,२९६ कुटुंबेच तपासायची उरली. टोमास रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मोर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज यांच्या प्रोग्रॅमने एकेक मांडणी न घेता अख्खे कुटुंब साधारण २० सेकंदांत निकालात काढले. एका संगणकाला या कामासाठी सुमारे ३५ वर्षे लागली असती. गुगलने अनेक संगणक उपलब्ध करून दिल्याने ते काही आठवड्यांत झाले. उत्तर आले: २०. काही मांडण्यांना २० चाली लागतातच, हे १९९५ मध्येच सिद्ध झाले होते. २० पुरतात, हे आता कळले.

घरच्या क्यूबलाही हे गणित लागू पडते. तुकडे सुटे करून पुन्हा कसेही बसवले, तर होणाऱ्या मांडण्या १२ समान कोसेटमध्ये विभागल्या जातात आणि लागलेला क्यूब त्यांपैकी एकातच असतो. फिरवून एका कोसेटमधून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणजे असा क्यूब सुटण्याची शक्यता बारात एक. सगळे रंग जुळले, पण कोपऱ्याचा एकच तुकडा जागच्या जागी वळलेला किंवा कडेचा एकच तुकडा उलटा राहिला, तर मुलाच्या हुशारीवर शंका घेऊ नका. तो तुकडा काढून नीट बसवा.