आधार देताना आधी विचारा, 'कशासाठी?'

मैत्रिणींनो, कर्ज असो की सिमकार्ड, कुणी "आधारचा फोटो पाठवा" म्हटलं की आपण लगेच पाठवतो. तो पुढे कुठे जातो, हे कुणीच विचारत नाही.

खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. पुढे २०२३ मध्ये मोबाईल-संगणकातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

कायदा काय म्हणतो? संमती घेताना माहिती कशासाठी हवी ते स्पष्ट सांगायचं, आपण म्हटलं तर मराठीत. तेवढ्याच कामापुरती ती वापरायची. दिलेली संमती आपण परत घेऊ शकतो. घेतलेलं कर्ज मात्र फेडावंच लागतं! माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण आपलं काम आजपासूनच सुरू करू:
- चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या.
- झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहा.
- ओटीपी कुणालाही सांगू नका.

आणि आपल्या गटाचं काय? सचिवताईंच्या मोबाईलमध्ये सगळ्याजणींची आधार कार्डं, पासबुकं असतात. ते फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, काम झालं की काढून टाका. हिशोबाच्या वहीइतकीच मैत्रिणीची माहितीही जपायची. येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.