कारवान हाउंड

कारवान हाउंड ही दख्खनच्या पठारावरील शिकारी कुत्र्यांची एक जात आहे. ग्रामीण भागात ती 'कारवानी' या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्राचा पठारी भाग आणि उत्तर कर्नाटक हे तिचे मुख्य क्षेत्र होय. पूर्वी ससा, हरीण यांसारख्या वेगवान प्राण्यांच्या पाठलागासाठी ही जात पाळली जात असे. शिकारीवर कायदेशीर बंदी आल्यानंतर तिचे मूळ काम संपुष्टात आले. आज श्वानप्रदर्शनांत दिसणारी कारवानी आणि गावाकडे पाळली जाणारी कारवानी यांत पडत चाललेले अंतर हा तिच्या संवर्धनातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

नाव

व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, ही कुत्री दख्खनमध्ये आली, म्हणून त्यांना कारवानी म्हणतात, अशी प्रचलित समजूत आहे. अंगावर आखूड केस असलेल्या कुत्र्यास कारवानी, तर कान, पाय व शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या प्रकारास 'पश्मी' म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद 'कारवान हाउंड' या नावाने करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने 'मुधोळ हाउंड' हे नाव स्वीकारले आहे. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला. त्यांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.

शरीररचना आणि काम

कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. अरुंद लांबट डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि लवचिक कणा ही त्याची लक्षणे ग्रेहाउंड व सालुकी या जातींशी मिळतीजुळती आहेत. भरधाव पळताना कणा धनुष्यासारखा वाकतो व पुन्हा ताणला जातो. त्यामुळे प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. खोल छातीत मोठ्या हृदयाला व फुप्फुसांना जागा मिळते.

पॉइंटर, सेटर, स्पॅनियल, रिट्रीव्हर हे बंदूकधारी शिकाऱ्याचे मदतनीस कुत्रे, म्हणजेच 'गन डॉग', यांच्यापेक्षा कारवानीचे काम वेगळे आहे. गन डॉग वासाने पक्षी हुडकतो, उठवतो किंवा पडलेला पक्षी आणून देतो. त्याला मालकाच्या इशाऱ्यावर थांबावे लागते. कारवानी मात्र सावज दिसताच स्वतःच्या बळावर धावून ते पकडते. म्हणून वेग, दम, चपळ वळण आणि उन्हात तग धरण्याची क्षमता यांवर तिची पारख होत असे. जो कुत्रा पळण्यात कमी पडे, त्याची पिल्ले पुढे वाढवली जात नसत. लिखित वंशावळ नसतानाही गावकऱ्यांची ही निवड जातीचे गुण टिकवून होती.

प्रदर्शने आणि मानक

वर्गवारी करून भरवलेले पहिले श्वानप्रदर्शन १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाल्याचे मानले जाते. त्यात केवळ पॉइंटर आणि सेटर, म्हणजे गन डॉगच होते. कुत्र्यांचे प्रत्यक्ष काम तपासणाऱ्या मैदानी चाचण्या १८६५ मध्ये सुरू झाल्या आणि १८७३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबची स्थापना झाली. भारतातील प्रदर्शनांची पद्धतही याच परंपरेतून आली आहे.

प्रदर्शनात परीक्षक प्रत्येक कुत्र्याची तुलना त्या जातीच्या लिखित मानकाशी करतो. उंची, डोक्याची ठेवण, दात, खांद्याचा कोन, शेपटी, केस, स्वभाव आणि दुडकी चाल पाहिली जाते. रिंगणात कुत्रा भरधाव पळत नाही. त्यामुळे ज्या धावण्यासाठी कारवानीचे शरीर घडले, ते धावणे परीक्षकाला पाहता येत नाही, रचनेवरून केवळ त्याचा अंदाज बांधता येतो.

कामाची आणि प्रदर्शनाची वंशशाखा

ज्या गुणाची निवड होत नाही, तो पिढ्यांगणिक विरळ होऊ लागतो. गन डॉगच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. प्रदर्शनातील इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल अधिक भारदस्त, लांब कानांचा व झुपकेदार केसांचा असतो, तर शिकारीच्या कामातील स्प्रिंगर हलका, आखूड केसांचा व अधिक चपळ असतो. लॅब्राडॉर जातीतही असाच फरक पडला आहे. ब्रिटनमध्ये केवळ प्रदर्शनात यश मिळवणाऱ्या गन डॉगला 'शो चॅम्पियन' म्हणतात. नुसते 'चॅम्पियन' म्हणवून घेण्यासाठी त्याला मैदानावरील कामाची पात्रताही सिद्ध करावी लागते. दोन शाखांमधला दुवा अगदीच तुटू नये, हा या नियमाचा उपयोग.

कारवानीत शाखांची विभागणी इतकी काटेकोर नाही, परंतु ओढ त्याच दिशेने आहे. शहरी पैदासकार नोंदणीकृत वंशावळ, उंची आणि देखणेपणा यांना महत्त्व देतात. नोंदणीकृत कुत्र्यांची संख्या मर्यादित असल्याने एखाद्या विजेत्या नराचा वापर वारंवार झाल्यास पुढील पिढ्या परस्परांच्या जवळच्या नातलग होतात व आनुवंशिक दोष वाढण्याचा धोका संभवतो. गावाकडील कुत्र्यांत आनुवंशिक वैविध्य अधिक असते, पण त्यांची नोंद नसते. अधिक वेगासाठी ग्रेहाउंडशी संकर केल्यास तेथे मूळ लक्षणे पुसट होतात. म्हणजे एका शाखेत रूप टिकते पण कामाची कसोटी नाही, तर दुसरीत वेगाला मान आहे पण वंशाची खात्री नाही.

कायद्याचा परिणाम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. प्राण्याचा पाठलाग करणे व त्याला हाकणे यांचाही शिकारीच्या व्याख्येत समावेश होतो. त्यामुळे कारवानीकडून सशाची शिकार करवून घेणे हा गुन्हा आहे. वन्यजीवांच्या दृष्टीने ही बंदी आवश्यक असली, तरी त्यामुळे कामाच्या शाखेची जुनी कसोटी उरली नाही. युरोप-अमेरिकेत यावर उपाय म्हणून दोरीने ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम सावजामागे कुत्रे पळवण्याच्या स्पर्धा घेतात. त्यात कोणत्याही प्राण्याची शिकार न होता वेग, दम आणि वळण्याचे कौशल्य पारखता येते.

पैदाशीसंबंधी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार १८ महिन्यांपेक्षा कमी वयाच्या मादीपासून पैदास करता येत नाही.

संवर्धन

मुधोळजवळील तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. ते पैदास करून शेतकऱ्यांना व इतर पाळणाऱ्यांना पिल्ले पुरवते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानजातींवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता. २०१६ मध्ये या केंद्रातील पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. पहारा व शोधकार्य यांतून जातीला नवे काम मिळू शकते. मात्र त्यासाठी आज्ञाधारकपणा व घ्राणशक्ती यांची निवड करावी लागेल आणि ती पाठलागासाठीच्या निवडीहून वेगळी आहे.

राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो या कर्नाल येथील संस्थेने मुधोळ हाउंड, राजपालयम आणि चिप्पिपराई यांची देशी जाती म्हणून नोंद केली आहे. अशा नोंदीमुळे जातीचे नाव व लक्षणे निश्चित होतात. कामाचे गुण टिकण्यासाठी मात्र गावाकडील चांगल्या कुत्र्यांची वंशावळीत नोंद आणि प्रदर्शनाबरोबर धावण्याची निर्धोक चाचणी या दोन्हींची जोड लागते.

हे सुद्धा पहा

मुधोळ संस्थान
सालुकी
राजपालयम
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२