रेंज गेली तरी फोटो निघालाच पाहिजे

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. उन्हाळ्यात वाळक्या काटक्या, पावसाळ्यात हिरवे रान, एवढेच तिचे रूप. मग आठव्या वर्षी तोच उतार जांभळा होतो, आणि फुलून बी धरले की झुडूप मरते. हा सगळा प्रवास टाइमलॅप्समध्ये टिपायचा तर पहिल्या सरीपासून फुलोरा सरेपर्यंत चार महिने कॅमेरा एकाच जागी उभा हवा. त्यातले ऐन बहराचे दहा दिवस तो बंद पडला आणि कोणाला कळलेच नाही, तर पुढची संधी आठ वर्षांनी.

टाइमलॅप्सचे गणित सोपे आहे. दिवसाउजेडी १२ तास, दर १० मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला ७२ फोटो. सेकंदाला २४ चित्रे या वेगाने ते पडद्यावर जेमतेम ३ सेकंद चालतात. अख्ख्या वर्षाचे २६,२८० फोटो सव्वाअठरा मिनिटांत संपतात. नेहमीच्या चित्रपटात एक दृश्य बिघडले तर पुन्हा घेता येते. इथे हुकलेला मंगळवार परत येत नाही. बांधकामावरचा कॅमेरा असो, उसाच्या शेतातला असो की डोंगरावरचा, धोका तोच.

चार महिने जंगलात बसून राहणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे कॅमेरा तिथे आणि त्याची सूत्रे आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये, अशी सोय हवीशी वाटते. ती आज सहज मिळते. फसगत तिच्या वापरात होते, कारण बहुतेक जण बिनतारी जोडणीवर चुकीचे काम सोपवतात.

दोन कामे, दोन मालक

दूरच्या कॅमेऱ्याची कामे दोन. ठरल्या वेळी कळ दाबणे हे पहिले, आणि सगळे ठीक आहे ना याची खबर देणे हे दुसरे. घरून मोबाइलने दर १० मिनिटांनी ‘फोटो काढ’ असा हुकूम सोडायचा, ही रचना दिसायला ऐटबाज. पण तिच्यात रेंज गेली की फोटोही गेला. म्हणून पहिले काम कॅमेरा ठेवलेल्या पेटीच्या आतच राहिले पाहिजे. कॅमेऱ्यातली इंटरव्हल शूटिंगची सोय वापरा, नाहीतर दोन बोटांएवढी मायक्रोकंट्रोलरची पाटी केबलने जोडा. अंगची सोय वापरताना ती किती फोटोंनंतर आपोआप थांबते ते आधी पाहावे. काही कॅमेऱ्यांत ही मर्यादा ९९९ आहे. दिवसाला ७२ च्या हिशेबाने तो चौदाव्या दिवशी गप्प होईल, आणि त्यात बिघाड असा काहीच नसेल.

मग बिनतारी जोडणी कशाला? याचे उत्तर हिमनद्यांनी दिलेले आहे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बालोग यांनी २००७ मध्ये ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू केला. ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना इथल्या हिमनद्यांसमोर त्यांनी निकॉनचे सुमारे दोन डझन कॅमेरे कड्यांना खिळले. बॅटरी, सोलर पॅनेल आणि मुद्दाम बनवलेला टायमर प्रत्येकासोबत होता. खबर देणारी वाट मात्र नव्हती. फोटो आणायला माणसांनीच पुन्हा तिथवर जायचे. २०१२ च्या ‘चेसिंग आइस’ या माहितीपटात पुढचे दिसते: महिन्यांनी परत गेल्यावर कळले की कित्येक ठिकाणी टायमरच्या सर्किटने दगा दिला होता. त्यांनी सर्किट बदलले, चिकाटी सोडली नाही, आणि हिमनद्यांची माघार जगाला दाखवली. पण गेलेला हंगाम गेलाच. दिवसाला एक ओळीचा निरोप येत असता, तर बिघाड दुसऱ्याच दिवशी उमगला असता. बिनतारी जोडणीची खरी किंमत इतकीच, आणि ती फार मोठी आहे.

कोणता दुवा कुठे

ब्लूटूथ, वाय-फाय, मोबाइल नेटवर्क आणि लोरा हे चौघे एकमेकांचे पर्याय म्हणून विकले जातात, पण प्रत्येकाचा पल्ला आणि ताकद वेगळी.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ब्लूटूथ आणि वाय-फाय जोडीने नांदतात. २०१० मध्ये आलेले कमी ऊर्जेचे ब्लूटूथ सतत जागे राहू शकते, कारण ते बॅटरी फारशी खात नाही. पण त्यावरून मोठा फोटो पाठवणे म्हणजे ताटकळणे. म्हणून मोबाइलमधले अॅप आधी ब्लूटूथवर कॅमेऱ्याला हाक मारते, त्याचे वाय-फाय चालू करवते आणि फोटो वाय-फायवरून ओढते. अडचण पुढे आहे. कॅमेऱ्याच्या वाय-फायला इंटरनेट नसते. ते नाही असे दिसताच अनेक अँड्रॉइड फोन आपल्या मनाने मोबाइल डेटाकडे वळतात आणि अॅपवर ‘कॅमेरा सापडत नाही’ असे येते. ‘इंटरनेट नसले तरी याच नेटवर्कवर राहा’ हे फोनला एकदा बजावून सांगावे लागते. शिवाय कॅमेरा स्वतःही झोपतो. गोप्रोच्या खुल्या नियमावलीत तर जोडणी जिवंत ठेवण्यासाठी दर ३ सेकंदांनी ‘जागा राहा’ असा संकेत पाठवायला सांगितले आहे. समोर उभे राहून चौकट आणि फोकस ठरवायला ही जोडी उत्तम. चार महिन्यांच्या कामाला तिचा भरवसा नाही.

तिथे कॅमेऱ्याशेजारी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवतात. तो यूएसबी केबलने कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेतो आणि पुढे धाडतो. ‘जीफोटो’ हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी वर्षानुवर्षे वापरात आहे आणि असंख्य मॉडेलांशी बोलते. फूटभर अंतर तारेने जोडता येत असताना तिथे वाय-फाय लावण्यात शहाणपण नाही. तार पावसात भिजेल, पण तिचा पासवर्ड बदलत नाही.

लोरा ही रेडिओ पद्धत म्हणजे वेगळाच प्राणी. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना वापरता येतो. मोकळ्या माळावर तो काही किलोमीटर जातो आणि बॅटरी अगदी थोडी खातो. फोटो त्यावरून जात नाही. ‘बॅटरी १२.४, आज ७२ फोटो, कार्ड निम्मे रिकामे’ एवढा मजकूर मात्र आरामात जातो. जिथे मोबाइलची रेंज नाही, पण खाली गावात आहे, तिथे हा निरोप्या पुरेसा.

पानांतले पाणी

पायथ्याच्या घरापासून समोरच्या टेकाडापर्यंत वाय-फाय न्यायचे असेल, तर दिशादर्शी अँटेना लावून एक किलोमीटर सहज गाठता येते. फक्त ‘समोर दिसते आहे ना’ एवढ्यावर भागत नाही. दोन अँटेनांमधली लहर सरळ दोरीसारखी नसून मध्यावर फुगलेली असते. २.४ गिगाहर्ट्‌झला, एक किलोमीटरच्या अंतरावर, मध्यावरच्या या फुगवट्याची त्रिज्या सुमारे साडेपाच मीटर भरते. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे मधल्या रेषेभोवती सव्वातीन मीटर, झाडे, छपरे आणि जमिनीपासून मोकळा हवा.

आपल्याकडे यात पावसाळा भर घालतो. दोष पावसाच्या थेंबांना दिला जातो, पण २.४ गिगाहर्ट्‌झची लहर थेंबांना जवळपास जुमानत नाही. तिला अडवतात ओली पाने. मे महिन्यात उघड्या फांद्यांमधून झकास चाललेली जोडणी जुलैत त्याच झाडांच्या भिजलेल्या पालवीने तुटते. कमी वारंवारितेची लहर झाडीतून बरी निभावते. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत इंटरनेट नेताना टीव्हीच्या पट्ट्यातली रिकामी जागा प्रयोगासाठी वापरली, त्यामागे हाच गुण होता.

सिग्नलची ताकद उणे डेसिबलमध्ये दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ ला काम नीट चालते, उणे ८० ला जोडणी ये-जा करते. हे आकडे दिसतात तितके जवळचे नाहीत: उणे ८० चा सिग्नल उणे ५० च्या हजारावा भाग असतो. म्हणून उन्हाळ्यात बसवताना ‘लागते आहे’ यावर समाधान न मानता १५-२० डेसिबलची शिल्लक ठेवावी. शहरातल्या बांधकामावर झाडी नसते, शेजाऱ्यांचे राउटर असतात. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धराव्यात: १, ६ आणि ११. त्यातली कमी गजबजलेली निवडून राउटरला तिथेच बांधून ठेवावे.

फोन कोणी करायचा

सिमकार्ड घातलेला राउटर पेटीत ठेवला की वाटते, आता घरून हवे तेव्हा कॅमेऱ्यात डोकावता येईल. प्रत्यक्षात दार उघडत नाही. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. उपाय म्हणजे संभाषणाची दिशा उलटी करणे. गावाला गेलेल्या माणसाने पोहोचल्याचा फोन स्वतः करायचा, घरच्यांनी त्याला शोधत फिरायचे नाही, तशीच ही रीत. कॅमेऱ्याने ठरल्या वेळी सर्व्हरला गाठून फोटो ठेवायचा आणि आपल्यासाठी काही सूचना आहे का ते विचारायचे. अमेरिकेत २००८ पासून झाडांची पालवी आणि पानगळ टिपणाऱ्या ‘फेनोकॅम’ जाळ्यातले शेकडो कॅमेरे असेच दर अर्ध्या तासाला आपला फोटो स्वतः सर्व्हरवर पोहोचवतात.

पाठवायचे किती, हाही प्रश्न आहे. २५ एमबीचे ७२ फोटो म्हणजे दिवसाला १.८ जीबी. डोंगरावरच्या लंगड्या ४जीवर ते रेंगाळतात, मध्येच तुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. २०० केबीची छोटी प्रत केली तर दिवसाचे सारे फोटो साडेचौदा एमबीत बसतात. काच धुरकटली, चौकट सरकली, कोळ्याने जाळे विणले, हे सगळे छोट्या प्रतीत दिसते. मूळ फोटो कार्डावर सुरक्षित असतात. मंगळावरच्या बग्ग्याही हेच करतात. ‘क्युरिऑसिटी’ला डोक्यावरून जाणाऱ्या यानाशी बोलायला एका फेरीत सुमारे ८ मिनिटे मिळतात. ती आधी छोट्या प्रती धाडते, आणि पृथ्वीवरच्या मंडळींनी निवडल्यावर हवे ते मोठे फोटो.

फाइलला नाव तारीख-वेळेचे द्यावे. कॅमेऱ्याचा क्रमांक ९,९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, आणि सर्व्हरवरचा जुना फोटो नव्याखाली गाडला जाऊ शकतो. अर्थात त्यासाठी घड्याळ बरोबर हवे. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळ अंगात नव्हते. डीएस३२३१ ही छोटी चिप लावली की चूक वर्षाला सुमारे एका मिनिटावर येते.

तुटल्यावर काय

जोडणी तुटणारच. तुटल्यावर पेटी कशी वागते त्यावर सगळे अवलंबून. सेकंदासेकंदाला पुन्हा जोडायचा हट्ट धरणारा राउटर सकाळपर्यंत बॅटरी संपवतो. शहाणी पद्धत अशी: १ मिनिट थांबा, मग २, मग ४, आणि त्यात थोडी अनियमितता मिसळा. यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा बोलण्याची युक्ती हवाई विद्यापीठाच्या ‘अलोहानेट’ने १९७१ मध्ये बेटाबेटांवरची केंद्रे रेडिओने जोडताना वापरली होती. आपल्या वाय-फायच्या मुळाशी आजही ती आहे.

संगणक गोठला तर प्रयत्न करायलाही कोणी उरत नाही. त्यासाठी ‘वॉचडॉग’ असतो. ठरावीक वेळात ‘मी ठीक आहे’ अशी खूण मिळाली नाही, की तो सगळे रीस्टार्ट करतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’चा संगणक अंतर्गत कामांच्या प्राधान्यक्रमातल्या गोंधळामुळे अडकत होता. प्रत्येक वेळी अशाच व्यवस्थेने त्याला पुन्हा उभे केले, आणि अभियंत्यांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. संपूर्ण मौन ओळखायला एमक्यूटीटी ही निरोपांची पद्धत कामी येते. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनली. तिच्यात उपकरण आधीच एक शेवटचा निरोप ठेवून देते. ते अचानक गप्प झाले की सर्व्हर तो निरोप आपल्याला पोहोचवतो.

विजेचा हिशेब मांडला की जोडणी सतत चालू ठेवण्याचा मोह आपोआप सुटतो. छोटा संगणक सुमारे ३ वॅट आणि राउटर ५ वॅट धरला तर दिवसाला १९२ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण ८४ असतात, आणि तिचे आयुष्य जपायचे तर निम्मेच वापरावेत. तेच दोघांना सकाळ-संध्याकाळ १५ मिनिटे जागवले तर खर्च ४ वॅट-तास. श्रावणातही चार-चार दिवस सूर्य न दिसणाऱ्या घाटात पेटी तगते ती अशी. कॅमेऱ्याचा खर्च अर्थात वेगळा.

दूरवरून सेटिंग बदलताना आपण बसलो तीच फांदी तोडू नये. वाय-फायचा पासवर्ड बदलला, एक अक्षर चुकले, की पेटी कायमची परकी. म्हणून प्रत्येक बदलासोबत ‘१० मिनिटांत खात्री मिळाली नाही तर जुने परत आण’ अशी तरतूद हवी. कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी, समोर बसून बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने असेच मूळ पासवर्ड असलेले हजारो कॅमेरे आणि राउटर हाताशी धरून बड्या संकेतस्थळांना बंद पाडले होते. वनखात्याची किंवा जागामालकाची परवानगी आणि चौकटीत कोणाचे अंगण येत नाही ना याची खात्री, ही कामे अँटेना चढवण्याआधीची.

शेवटची परीक्षा घरीच घ्यावी. पेटी गच्चीत ठेवा आणि दोन दिवस मुद्दाम छळा. राउटर बंद करा, सिम काढा, संगणकाची वीज तोडून पुन्हा द्या, सोलर पॅनेल झाका. मग कार्ड उघडून फोटो मोजा, आणि सर्व्हरवर पाहा: जोडणी परतल्यावर राहिलेल्या छोट्या प्रती आपोआप आल्या का, मौनाचा इशारा वेळेवर वाजला का. कार्डात एक जरी फोटो कमी भरला, तर कळ दाबण्याचे काम अजून कुठेतरी रेंजच्या ताब्यात आहे. ते सोडवल्याशिवाय पेटी गच्चीवरून हलवू नये.