‘लेट’ : एक विशेषण, दोन अर्थ

दौंड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला; पुणें, सोलापूर व मनमाड या तिन्ही दिशांच्या गाड्यांची वाट तेथें पाहिली जाते. ‘गाडी लेट आहे’ हें वाक्य शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडीं सहज येतें. हा शब्द इतका घरचा झाला आहे कीं, मूळ इंग्रजींत त्याला दुसरा एक गंभीर अर्थ आहे याचा विसर पडतो.

‘माय फादर इज लेट’ म्हणजे वडिलांना उशीर झाला. तेंच विशेषण नामाच्या आधीं नेलें कीं, ‘माय लेट फादर’ म्हणजे कैलासवासी वडील! मराठींत ‘काळा घोडा’ म्हटलें काय आणि ‘घोडा काळा आहे’ म्हटलें काय, काळेपणा तोच राहतो. म्हणूनच मराठी विद्यार्थी येथें फसतो. वस्तूंच्या बाबतींत ही भीति नाहीं. ‘लेट ट्रेन’ म्हणजे उशिराची गाडी, एवढेंच.

चूक लहान, पण परिणाम मोठा. फी-माफीच्या अर्जांत हा शब्द वडिलांच्या नांवामागें चुकून पडला, तर हयात पित्याचा मुलगा पोरका ठरतो. आणि हवा तेथें गळला, तर खऱ्या पोरक्या मुलाची सवलत अडते.

दुसरा घोटाळा ‘माजी’ या अर्थाचा. जुन्या इंग्रजींत ‘लेट’ त्या अर्थानेंही येत असे. परंतु सेवानिवृत्त गुरुजींच्या सत्काराच्या पत्रिकेवर ‘लेट हेडमास्टर’ असें छापलें, तर वाचणारा हार आणावा कीं सांत्वनास जावें या विचारांत पडेल! तेथें ‘फॉर्मर’ हा शब्दच योग्य.

मृत्यूचा हा अर्थही कायमचा चिकटत नाहीं. घोडनदीच्या कांठीं शिरूर येथें पूर्वीं इंग्रजी लष्कराची छावणी होती. तेथें कर्नल विल्यम वॉलेस १८०९ सालीं मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. त्याला आज कोणी ‘दि लेट कर्नल वॉलेस’ म्हणत नाहीं. ज्याचें जाणें अजून लोकांच्या स्मरणांत ताजें आहे, त्याच्यापुरताच हा शब्द. मराठींतही शिवाजी महाराजांच्या नांवामागें कोणी ‘कै.’ लावीत नाहीं.

तात्पर्य, माणसाच्या नांवाआधीं ‘लेट’ लिहितांना लेखणी क्षणभर थांबवावी आणि तो माणूस हयात आहे कीं नाहीं, एवढें स्वतःस विचारावें. उशीरच सांगावयाचा असेल, तर शब्द वाक्याच्या शेवटीं न्यावा.