एन्व्हॉय

दूत आणि कवितेचे समारोपाचे कडवे असे दोन अर्थ असलेला इंग्रजी शब्द. दोहोंचे मूळ ‘पाठविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात असून ते उत्तरकालीन लॅटिनमधील ‘वाटेला लावणे’ या क्रियापदापासून आले (‘व्हिआ’ म्हणजे वाट). इंग्रजीत काव्यविषयक अर्थ चौदाव्या शतकाच्या अखेरीस, तर दूत हा अर्थ सतराव्या शतकात रूढ झाला. हे कडवे म्हणजे एका परीने कवितेची पाठवणीच होय.

प्रॉव्हांसाल कवींचे असे कडवे आश्रयदात्यास किंवा कविता पोहोचविणाऱ्या गायकास उद्देशून असे. फ्रेंच ‘बलाद’मध्ये सामान्यतः आठ ओळींच्या तीन कडव्यांनंतर ते चार ओळींत येते व बहुधा ‘राजपुत्र’ या संबोधनाने सुरू होऊन ध्रुवपदाने संपते. व्हीयाँने काही ठिकाणी त्यातील ओळींच्या आद्याक्षरांत स्वतःचे नाव गुंफले आहे. मराठी वाचकास येथे अभंगातील नाममुद्रा आठवेल. चॉसरने रिकाम्या थैलीकडे केलेल्या विनोदी तक्रारीचा शेवट तर 1399 मध्ये गादीवर आलेल्या चौथ्या हेन्रीकडे धाडलेला अर्जच आहे. कविताच तेथे दूत झाली आहे.

राजनयात 1815 च्या व्हिएन्ना नियमांनी एन्व्हॉयला राजदूताखालील दुसरा दर्जा दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर वकिलातींचे राजदूतावासांत रूपांतर होत गेल्याने हा दर्जा मागे पडला. विशिष्ट कामगिरीवरील विशेष दूतास मात्र हीच संज्ञा लावतात.